बिनखिळ्याचं यंत्र

आमच्या स्वयंपाकघरात एकाच खुंटीला दोन हत्यारं लटकतात, सांडशी आणि चिमटा. सांडशीचा मधला रिव्हेट कधीचाच ढिला झाला होता. दुधाचं पातेलं उचललं की तिची दोन पाती एकमेकींवरून सरकायची, पातेलं कलायचं, आणि दूध ओट्यावर सांडणार की पायावर एवढाच प्रश्न उरायचा. एकदा मी तो रिव्हेट दगडावर टेकवून हातोडीनं ठोकला, तर सांडशी उघडेचना. उचकटून सैल केली, तर पुन्हा सरकायला लागली. तेव्हापासून घरात पातेलं फडक्यानंच उतरवायचे.

चिमटा त्या सांडशीहून जुना. इथे खान्देशात, पांझरा नदीकाठच्या देवपुरात एकवीरा देवीची चैत्रात यात्रा भरते, तिथून आईनं तो आणलेला. पत्र्याची एक लांब पट्टी मधोमध वळवलेली, बस, दुसरं काही नाही. त्यानं निखाऱ्यावर भाकरी फुगवल्या, भरताची वांगी फिरवली, आणि आम्हा भावंडांना धाकही घातला. अजून तो तसाच आहे. दाबला की मिटतो, सोडला की उघडतो. टिकेल ना, असं आईनं विकणाऱ्या बाईला विचारलं होतं. त्या बाईचं उत्तर आई पुढं आयुष्यभर सांगत राहिली: ‘येले खियाज नही, मंग ढिला काय व्हई?’ याला खिळाच नाही, मग ढिला काय होणार!

गेल्या वर्षी माझ्या भाच्यानं इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट घेतला तेव्हा मला कळलं, की त्या बाईच्या मुद्द्यावर जगभर लोकांनी पीएच.डी. केलेली आहे. विषयाचं इंग्रजी नाव कम्प्लायंट मेकॅनिझम. मराठीत म्हणायचं तर लवचीक एकसंध यंत्रणा: जिच्यात सुटे भाग नाहीत, खिळे नाहीत, बिजागऱ्या नाहीत, आणि तरी जी हालचाल करते. कशी? तर स्वतः वाकून.

यंत्रात जिथं सांधा असतो तिथंच दुखणं असतं, हे देवपुरातल्या कुठल्याही गॅरेजात कळतं. पिन फिरायची तर भोक तिच्याहून केसभर मोठं हवं. त्या केसभर फटीला मेकॅनिक लोक ‘प्ले’ म्हणतात. फटीत धूळ जाते, ग्रीस वाळतं, घासाघास होते, फट वाढते, प्ले वाढतो. आमच्याकडची उन्हाळ्यातली धूळ ज्यानं पाहिली आहे त्याला याहून जास्त सांगायला नको. एकसंध वस्तूत फटच नाही. त्यामुळे घासायला काही नाही, वंगण लागत नाही, आणि जुळणीचा खर्चही नाही. साच्यातून निघाली की तयार. शांपूच्या बाटलीचं उघडझाप झाकण हे याचं सगळ्यांच्या घरातलं उदाहरण. झाकण आणि त्याची बिजागरी पॉलिप्रॉपिलीनच्या एकाच ओतीत होतात. बिजागरीच्या जागी प्लास्टिक फक्त अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून पातळ ठेवलेलं असतं. पहिल्या काही उघडझापीत तिथले लांबलचक रेणू वाकण्याच्या दिशेनं ओळीत येतात आणि मग ती लाखो वेळा वाकली तरी तुटत नाही.

मोबाइल आडवा केला की चित्रही आडवं होतं, त्यामागेही हेच आहे. आत सिलिकॉनचा एक सूक्ष्म ठोकळा केसाहून बारीक सिलिकॉनच्याच पट्ट्यांवर तोलून धरलेला असतो. फोन हलला की पट्ट्या वाकतात, ठोकळा सरकतो, आणि सरकणं विजेच्या मापानं मोजलं जातं. एवढ्या लहान आकारात पिन बसवणार कोण? तिथं वाकण्यावाचून इलाजच नाही. पवईच्या आयआयटीत प्रा. प्रसन्न गांधी यांच्या सुमन मशरूवाला सूक्ष्मअभियांत्रिकी प्रयोगशाळेत लेझरचा ठिपका अतिशय बारीक अंतरांनी फिरवायला अशाच वाकणाऱ्या पट्ट्यांच्या चौकटी वापरल्या गेल्या. घासणाऱ्या सांध्याला इतकं बारीक सरकता येत नाही. तो आधी अडतो आणि मग एकदम उडी मारतो.

वाकणारी वस्तू म्हणजे दुबळी वस्तू, अशी आपली एक पक्की समजूत असते. मोडेन पण वाकणार नाही, हे म्हणणं माणसाला शोभत असेल. लोखंडाला ते परवडत नाही. कडकपणा आणि मजबुती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खडू कडक आहे, पण मजबूत नाही. नायलॉनची दोरी मजबूत आहे, पण कडक नाही. लवचीक यंत्राला दुसरी जात हवी: भरपूर वाकू शकणारी आणि वाकून न तुटणारी. सातपुड्यातल्या भिल्लांना हे केव्हाचं ठाऊक आहे. त्यांचा कामठा बांबूचा, आणि पुष्कळदा त्याची दोरीही बांबूच्याच सालपट्टीची. एकाच झाडाचा एक भाग वाकायला आणि एक भाग ताणायला.

आणि मजबुती फक्त साहित्यात नसते, जाडीत असते, तीही उलटी. पट्टी वाकवली की तिची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. हा ताण किती, हे पट्टीची जाडी भागिले वळणाच्या त्रिज्येची दुप्पट, इतक्या साध्या हिशेबानं निघतं. साधं पोलाद आपल्या लांबीच्या साधारण 0.125 टक्का ताणलं जाईपर्यंत पूर्ववत होतं, त्यापुढे कायमचं वाकडं राहतं. म्हणजे 1 मिलिमीटर जाडीची पट्टी 40 सेंटिमीटर त्रिज्येपर्यंतच सुखानं वाकेल. तीच पट्टी अर्धा मिलिमीटर केली तर 20 सेंटिमीटरपर्यंत. पातळ केली की जास्त वाकते आणि तरी सुरक्षित राहते. याची किंमत मात्र मोजावी लागते. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो, म्हणून जाडी निम्मी केली की विरोध आठवा हिस्सा उरतो. आईच्या चिमट्यानं दुधाचं पातेलं उचलायचं म्हटलं तर पट्ट्याच पिळवटतील. तेव्हा सगळीकडे पातळ करून चालत नाही आणि सगळीकडे जाड ठेवूनही चालत नाही. कुठं वाकायचं आणि कुठं ताठ राहायचं, हाच खरा प्रश्न.

साध्या आकारांना हा प्रश्न कागदावर सुटतो. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात अशोक मिढा आणि त्यांचे विद्यार्थी लॅरी हॉवेल यांनी त्यासाठी एक सोयीची युक्ती रूढ केली. एका टोकाला पक्की धरलेली लवचीक पट्टी दुसऱ्या टोकाला ढकलली, तर ती जवळपास अशी वागते, की जणू ती ताठच आहे आणि तिच्या पक्क्या टोकापासून लांबीच्या सुमारे 15 टक्के अंतरावर एक बिजागरी व तिला एक स्प्रिंग आहे. चिमटा दाबून बघा. वळणाच्या जरा पुढे कुठंतरी एक अदृश्य खिळा असल्यासारखं वाटतं. मग उरलेला हिशेब जुन्याच बिजागऱ्यांच्या यंत्राचा. पण यासाठी पट्ट्या किती, त्या कुठून कुठं जाणार, हे आधी माणसाला सुचलेलं असावं लागतं. सुचलंच नाही तर?

भाच्याचा प्रोजेक्ट इथून सुरू होत होता. त्याला एक पकड करायची होती. मागून ढकललं की पुढचे दोन जबडे मिटावेत, एका तुकड्यात. ‘मामा, आकार मी नाही काढणार, तो कॉम्प्युटर काढणार,’ असं तो म्हणाला तेव्हा मला ते नेहमीसारखं कामचुकारपणाचं वाटलं. मग त्यानं लॅपटॉप माझ्यासमोर सरकवला, आणि मी संध्याकाळभर तिथून हललो नाही.

टोपॉलॉजी ऑप्टिमायझेशन असं त्या पद्धतीचं नाव. टोपॉलॉजी म्हणजे वस्तूत भोकं किती आणि कोण कशाला जोडलंय याचा अभ्यास. मेदूवडा दाबा, लांबवा, वाकडा करा. भोक एकच राहतं. ते बुजवलं की तो साधा वडा झाला, वस्तूच बदलली. एखाद्या भागाची जाडी दोनची तीन मिलिमीटर करणं हा एक बदल; त्याची कड गोलसर करणं हा दुसरा; पण त्यात नवं भोक पाडणं किंवा दोन दांड्यांच्या जागी पाच दांड्यांची जाळी उभी करणं हा मुळातला बदल. तोच इथे गणितावर सोपवलेला असतो.

संगणकाला एक चौकोन द्यायचा आणि चौकटीच्या वहीसारखी त्यात घरं पाडायची. समजा आडवी 60, उभी 40, म्हणजे 2400 घरं. डावीकडचे कोपरे भिंतीला पक्के. डाव्या कडेच्या मध्यावर आपण ढकलणार. उजवीकडे जबडा, आणि जबड्यात पकडायची वस्तू. साहित्य मात्र चौकोनाच्या 30 टक्केच मिळेल. आता कुठली घरं भरायची आणि कुठली रिकामी ठेवायची, ते सांग. सगळ्या शक्यता तपासू म्हटलं तर 2 चा 2400 वा घात होतो. ही संख्या लिहायला 723 आकडे लागतात, तेव्हा तो नाद सोडलेला बरा.

म्हणून एक तडजोड करतात. घर भरलेलं की रिकामं असं न विचारता ते 0 ते 1 मधलं कितीही भरलेलं चालेल असं धरायचं. सुरुवातीला सगळी घरं सारखीच, 0.3 भरलेली. पडद्यावर नुसता राखाडी चौकोन दिसतो. मग प्रत्येक घराला विचारायचं, की तू किंचित घट्ट झालंस तर जबडा किती जास्त मिटेल? हा प्रश्न एकेकाला विचारायचा तर एका फेरीत 2400 हिशेब. पण इथं गणितानं जी वाट काढली आहे ती मला या सगळ्यात सर्वांत देखणी वाटते. दोनच हिशेब पुरतात. पहिल्यांदा ढकलायच्या जागी ढकलून कुठलं घर किती आणि कसं ताणलं जातं ते बघायचं. दुसऱ्यांदा तिकडचं ढकलणं थांबवून, उलट जबड्याच्या टोकाला जोर लावून तेच बघायचं. प्रत्येक घरापाशी या दोन ताणांचा गुणाकार केला की त्या घराची लायकी कळते. ज्या घराला एकाच बाजूचा जोर जाणवतो, किंवा कुठलाच नाही, त्याचा गुणाकार शून्याजवळ येतो. ते घर निरोप्या नाही. ज्याला दोन्हीकडचा जाणवतो ते वाटेवरचं. आणि गुणाकाराचं चिन्ह उलटं आलं, तर तिथलं साहित्य हालचालीला आडवं येतंय असा अर्थ; ते काढायचं.

मग आडव्या येणाऱ्याकडून काढून वाटेवरच्याला द्यायचं, एकूण साहित्य तेवढंच ठेवून. पांझरेकाठच्या माणसाला यात नवल वाटू नये. आमच्याकडच्या जुन्या फड पद्धतीत बंधाऱ्याला पाणी किती आलंय ते बघून यंदा कुठला फड, म्हणजे शेतांचा पट्टा, भिजवायचा आणि कुठला कोरडा ठेवायचा, हे गावानंच ठरवायचं आणि पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्यानं पाळायचं. पाणी वाढवता येत नाही, वाटता येतं. फरक एवढाच, की फडात कोरडं राहणाऱ्याची समजूत काढावी लागते. घरं भांडत नाहीत.

राहिली अर्धवट भरलेली घरं. 0.5 भरलेलं प्लास्टिक कुठल्या दुकानात मिळत नाही. तेव्हा हिशेबात एक खोच मारून ठेवतात. अर्ध्या भरलेल्या घराला अर्धा कडकपणा द्यायचा नाही, अर्ध्याचा घन द्यायचा, म्हणजे आठवा हिस्सा. खर्च निम्मा आणि मोबदला आठवा, असा आतबट्ट्याचा व्यवहार कुठलंच घर फार काळ करत नाही. ते एकतर पूर्ण भरतं नाहीतर पूर्ण रिकामं होतं. पडद्यावर पाहिलं तर आधी राखाडी धुरळा, मग त्यात सावल्यांसारखे पट्टे, मग पट्ट्यांना फाटे, आणि शंभरेक फेऱ्यांनंतर काळी-पांढरी स्वच्छ आकृती. पक्ष्याच्या हाडासारखी काहीतरी. कुठलाही ड्राफ्ट्समन अशी रेघ मारणार नाही, आणि तरी बघताच पटतं की हे असंच असायला हवं होतं.

ही सगळी मांडणी फार जुनी नाही. कमीत कमी साहित्यात मजबूत सांगाडा कसा असावा याचं मूळ गणित मेलबर्नच्या अँथनी मिशेलनं 1904 मध्येच मांडलं होतं, पण संगणकाशिवाय ते पुस्तकात राहिलं. 1988 मध्ये डेन्मार्कचे मार्टिन बेंडसो आणि मिशिगन विद्यापीठातले नोबोरू किकुची यांनी घरांची ही पद्धत उभी केली, तीही ताठ वस्तूंसाठी. पूल, ब्रॅकेट, खांब वगैरे. मुद्दाम वाकणाऱ्या वस्तूंसाठी ती वळवणाऱ्यांत मिशिगनलाच श्रीधर कोटा यांच्याकडे 1994 मध्ये पीएच.डी. झालेले जी. के. अनंतसुरेश अग्रभागी होते, आणि 1997 मध्ये डेन्मार्कच्या ओले सिग्मुंड यांनी तिला आज शिकवली जाते तशी बैठक दिली. सिग्मुंड यांनीच 2001 मध्ये अख्खी पद्धत अवघ्या 99 ओळींच्या प्रोग्रॅममध्ये बसवून जाहीर केली. दहा वर्षांनी त्यांच्या सहकाऱ्यांनी ती 88 ओळींवर आणली. देवपुरातला मुलगा एका साध्या लॅपटॉपवर हे करू शकतो, ते त्या ओळींमुळे. कोटा पुढे विमानाच्या पंखाकडे वळले. 2014 साली त्यांच्या कंपनीचा, फट नसलेला आणि वाकून आकार बदलणारा पंखाचा मागचा भाग नासानं एका गल्फस्ट्रीम विमानावर उडवून पाहिला. अनंतसुरेश बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये आले. तिथं त्यांच्या गटानं केलेल्या इवल्याशा पकडी मला पंखापेक्षाही आवडतात. पकडीत सूक्ष्म वस्तू धरायची आणि पकड स्वतः किती वाकली ते कॅमेऱ्यातून बघायचं. त्यावरून वस्तूवर जोर किती पडतोय ते काढायचं. म्हणजे चिमटा हाच काटाही.

आता भाच्याची पकड. पहिल्या खेपेला त्यानं संगणकाला फक्त एवढंच सांगितलं, की जबडा जास्तीत जास्त हलू दे. आकृती सुंदर आली, पण जबड्यात दम नव्हता. वाऱ्यावर हलणाऱ्या काडीसारखा तो हलायचा. संगणक मागितलं तेवढंच देतो. सरकारी अर्जासारखं आहे ते. मग त्यानं हिशेबात जबड्यापुढे एक स्प्रिंग ठेवली, म्हणजे पकडायची वस्तू जणू परत ढकलते आहे. आता हलणं आणि दाबणं दोन्ही साधावं लागणार होतं. आकृती बदलली, दांड्या जाड झाल्या. ती 3डी प्रिंटरवर छापून आणली, मी तिच्यात अंगठा-तर्जनी घालून ढकललं, आणि सातव्या-आठव्या दाबाला कट्‌ आवाज होऊन एक जबडा माझ्या चहात पडला.

तुटलेली जागा भिंगाखाली धरली. तिथं दोन जाड दांड्या एकमेकींना फक्त कोपऱ्यानं चिकटल्या होत्या, जणू बुद्धिबळाच्या पटावरची दोन काळी घरं. ही या पद्धतीची बदनाम खोड आहे. कोपऱ्याला कोपरा टेकला की संगणकाच्या हिशेबात तो बिनखर्चाचा, बिनविरोधाचा, कितीही फिरणारा सांधा होतो. खिळा नको म्हणून आपण एवढा खटाटोप केला, आणि या गृहस्थानं मागच्या दारानं खिळाच आत आणला! फक्त हा खिळा शून्य जाडीचा. कागदावर चालतो, प्लास्टिकमध्ये तुटतो.

यावर तोड आहे. एक म्हणजे प्रत्येक घरानं शेजाऱ्यांच्या सरासरीनं वागायचं, म्हणजे एकट्यादुकट्या कोपऱ्याला अस्तित्वच उरत नाही. दुसरी तोड मला कारागिराच्या जातीची वाटते. प्रत्येक फेरीत संगणकानं एकच आकृती न तपासता तीन तपासायच्या: मूळची, सगळीकडे जराशी झिजलेली, आणि सगळीकडे जराशी फुगलेली. तिन्ही चालल्या तरच पास. झिजलेल्या रूपात कोपऱ्याचा सांधा तुटतोच, म्हणून तो बादच होतो, आणि त्याच्या जागी लांबट, पातळ, सगळ्या लांबीभर थोडी थोडी वाकणारी पट्टी येते. करवत जरा आत गेली, प्रिंटरनं जरा जास्त प्लास्टिक सोडलं, तरी वस्तू चालली पाहिजे, हे सुताराला कुणी शिकवावं लागत नाही. संगणकाला ते सूत्रात लिहून द्यावं लागतं.

नवी आकृती हाती आली तेव्हा प्रिंटरचं प्लास्टिक फार ठिसूळ ठरलं. मग माझ्या बहिणीचा भाजी कापायचा पांढरा पॉलिथिनचा पाट कामी आला. तिला न विचारता, हे सांगायला नकोच. कागद डकवून, बारीक पात्याच्या करवतीनं दोन दुपारी खपून पोरानं ती कापली. पाटाच्या उरलेल्या भागात पकडीच्या आकाराचं भोक राहिलं. पकड मात्र झकास झाली. मागून अंगठ्यानं ढकललं की तुरीचा दाणा उचलते आणि द्राक्ष न फोडता धरते. एक दोष निघाला. रात्रभर दोरी बांधून मिटून ठेवली, तर सकाळी ती पूर्ण उघडेना. पॉलिथिन बराच वेळ ताणाखाली राहिलं की हळूहळू ओघळतं, ताण विसरतं. या यंत्रांच्या मर्यादाही अशाच आहेत. ती थोडंच हलतात, गोल फिरू शकत नाहीत, प्रत्येक हालचालीत तुमच्या जोराचा काही भाग स्वतःला वाकवण्यात खातात, आणि साहित्य चुकलं की थकून तुटतात. पंखा किंवा पिठाची गिरणी अशी कधी होणार नाही.

या सगळ्यात मला शेवटी जळगाव आठवलं, कारण खान्देशात लवचीक तुकड्यावर सर्वांत जास्त पीक उभं आहे ते तिथं. ठिबकचा दाब-नियंत्रित ड्रिपर फोडून पाहिलाय कुणी? आत सिलिकॉन रबराची शर्टाच्या बटणाएवढी चकती असते. खाली प्लास्टिकमध्ये एक बारीक खाच. पाण्याचा दाब वाढला की चकती वाकून त्या खाचेत घुसते आणि वाट अरुंद करते. दाब उतरला की सैल होते. म्हणून विहिरीजवळच्या केळीला आणि शेताच्या टोकाच्या केळीला ताशी सारखंच पाणी मिळतं. झडप, मोजमाप आणि स्प्रिंग ही तिन्ही कामं एक चकती वाकून करते. जळगावच्या जैन इरिगेशनबरोबर काम करताना अमेरिकेतल्या एमआयटीच्या एमस विंटर यांच्या गटाला एक गोष्ट खटकली. हे ड्रिपर पन्नासहून जास्त वर्षं अंदाजानं आणि अनुभवानंच घडवले जात होते. पुलकित शमशेरी आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये चकतीचं वाकणं आणि पाण्याचं वाहणं एकत्र मांडणारं गणित प्रसिद्ध केलं, आणि नऊ वेगवेगळ्या मापांचे नमुने करून ते पडताळलं. याच प्रयत्नांतून फक्त 0.15 बार दाबावर काम सुरू करणारे ड्रिपर आले. नेहमीच्यांना साधारण 1 बार लागतो. 1 बार म्हणजे 10 मीटर उंचीवरच्या टाकीचा दाब, तिसऱ्या मजल्यावरच्या. 0.15 म्हणजे दीड मीटर. माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर ठेवलेल्या पिंपाचा.

इथे भोकं पाडणारं गणित नाही. चकती तीच, खाच तीच, फक्त मापं बदलली. पण प्रश्न त्याच कुळातला आहे: किती वाकायचं आणि कुठं थांबायचं. आणि फायदा सगळीकडे सारखा नाही, हेही सांगितलं पाहिजे. शेततळ्यावरून किंवा सोलर पंपावर ठिबक चालवणाऱ्याचा त्यात मोठा खर्च वाचतो. ज्याचं पाणी तीनशे फूट बोअरमधून येतं, त्याला वरचे साडेआठ मीटर वाचले काय, न वाचले काय.

मागच्या महिन्यात भाच्यानं आमची सांडशी हिशेबाला लावली. तीन किलोचं पातेलं, जबडा एवढा उघडायला हवा, साहित्य स्टील, खिळा नाही. संगणकानं अख्खी रात्र घेतली. सकाळी जी आकृती आली तिचे हात पाऊण मीटर लांब होते. पातेलं उचलण्याइतकं ताठ आणि एवढं उघडण्याइतकं लवचीक, दोन्ही एकत्र हवं असेल तर स्टीलला तेवढी लांबी लागते म्हणे. ती आमच्या ओट्यावर मावत नाही. रविवारी मी सांडशी पिशवीत घालून पांझरेवरचा पूल ओलांडला आणि भांड्यांच्या कारागिराकडून नवा रिव्हेट मारून आणला. बहिणीचा पाट अजून तसाच आहे, मधल्या भोकासकट. त्यावर ती आता फक्त कोथिंबीर चिरते, कडेकडेनं.